जमीन आरोग्य पत्रिका : तीन पत्रिका आणि एका मीठ फुटलेल्या कोपऱ्यानंतरचा अभिप्राय

शेतजमीन वाचवण्याच्या सरकारी धोरणाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे लगेच बिगरशेतीवर येते. १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम शेतजमिनीच्या बिगरशेती वापरासाठी अटी घालतो, १९४७ चा तुकडेबंदी कायदा जमिनीचे बारीक बारीक तुकडे पडू नयेत म्हणून आहे, आणि या दोन्हींतल्या अटी अलीकडे शिथिल होत चालल्या आहेत, याची चिंता मलाही आहे. परंतु कोणाचाही अर्ज नसताना, कोणताही आदेश निघालेला नसताना जमीन शेतीतून निघून जाते, हे आम्हा कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांना रोज दिसते. आमच्या सव्वादोन एकरांच्या गटातले खालच्या अंगाचे दहा गुंठे गेल्या पंधरा वर्षांत हळूहळू मीठ फुटून, म्हणजे जमिनीतले क्षार वर येऊन, जवळजवळ नापीक झाले. सातबारा उताऱ्यावर ते आजही लागवडीयोग्य क्षेत्रात मोडतात आणि पोटखराब्याच्या, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमिनीच्या, रकान्यात शून्य आहे. ही हानी शेतकऱ्याच्या पातळीवर मोजू पाहणारी माझ्या पाहण्यातली सरकारी सेवा एकच, ती म्हणजे जमीन आरोग्य पत्रिका. तिचा दहा वर्षांचा माझा अनुभव मी येथे मांडत आहे.

ज्यांनी पत्रिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. केंद्र सरकारची ही योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे सुरू झाली. मातीचा नमुना प्रयोगशाळेत तपासून बारा गोष्टी मोजल्या जातात: सामू म्हणजे आम्ल-विम्लता (पीएच), विद्युत वाहकता म्हणजे क्षारांचे प्रमाण, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, आणि जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज) व बोरॉन ही सूक्ष्म अन्नद्रव्ये. प्रत्येक आकड्यासमोर कमी, मध्यम किंवा जास्त असा शेरा असतो, आणि खाली निवडक पिकांसाठी खतांच्या मात्रा दोन पर्यायी जोड्यांत दिलेल्या असतात. योजनेतून काढलेल्या नमुन्याला शेतकऱ्याला पैसे पडत नाहीत. स्वतः नमुना नेऊन दिला तर सरकारी प्रयोगशाळेत नाममात्र शुल्क घेतात. २०२२-२३ पासून ही योजना राष्ट्रीय कृषी विकास योजनेत सामावली गेली असून आता नमुना घेतानाच मोबाइलवर जागेची नोंद होते.

आमची पहिली पत्रिका २०१६ च्या उन्हाळ्यातल्या नमुन्यावरून निघाली आणि हातात पडली ती पुढच्या जानेवारीत. तोपर्यंत आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या, उसाची मोठी बांधणी (बुडख्याला माती चढवणे) होऊन खताचा शेवटचा हप्ताही जमिनीत गेला होता, त्यामुळे खतांच्या शिफारशीचा त्या पिकाला काडीचाही उपयोग झाला नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की, नमुना आमच्या रानातून घेतलाच नव्हता. वडिलांनी विचारले तेव्हा पत्रिका घेऊन आलेल्या कर्मचाऱ्यांनी सरळ उत्तर दिले, ‘‘आबा, तुमचा गट त्या चौकोनात येतो. चौकोनाला एकच नमुना असतो.’’ त्यांचे काही चुकले नव्हते, कारण योजनेची रचनाच तशी होती: बागायत भागात अडीच हेक्टरांना एक नमुना आणि जिरायत भागात दहा हेक्टरांना एक. महाराष्ट्रात सरासरी वहिवाटीचे क्षेत्र २०१५-१६ च्या कृषिगणनेत १.३४ हेक्टर होते, म्हणजे बागायत चौकोनातही सरासरी दोन खातेदार बसतात. आमच्याकडे तर एका चौकोनात पाच-सहा खातेदार सहज येतात, आणि त्यातल्या एकाचे रान मुरमाड असते, दुसऱ्याचे काळे भारी असते, तिसऱ्याचे ओढ्याला लागून पाणथळ असते.

त्या पत्रिकेत विद्युत वाहकता ०.४२ लिहिली होती आणि शेरा होता ‘सर्वसाधारण’. आमच्या खालच्या कोपऱ्यात त्याच वर्षी सऱ्यांच्या माथ्यावर पांढरा थर धरू लागला होता. चौकोनाच्या हिशेबाने आकडा बरोबरच असेल, पण माझ्या दृष्टीने त्या एका शब्दाने पाच वर्षे वाया घालवली. कागदावर सरकारी शिक्का आणि ‘सर्वसाधारण’ हा शेरा असल्यावर घरात कोणी त्या कोपऱ्याची काळजी घेईना, आणि तिथे उगवण कमी झाली की बियाण्याला दोष दिला जाई. २०१९-२० मध्ये प्रत्येक तालुक्यात एक गाव निवडून तिथे प्रत्येक शेतकऱ्याच्या रानातून नमुना घेण्याचा प्रयोग सरकारने केला, त्यावरून चौकोनाची ही मर्यादा धोरण ठरवणाऱ्यांच्याही लक्षात आली होती असे दिसते. आमचे गाव त्यात नव्हते.

म्हणून २०२१ मध्ये सोयाबीन निघाल्यावर मी स्वतःच नमुने काढले, आणि ज्याला या सेवेचा खरा उपयोग करून घ्यायचा आहे त्याने हेच करावे असे माझे ठाम मत आहे. काम अर्ध्या दिवसाचे आहे. रानात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणे निवडायची. बांधाकडची, झाडाखालची, विहिरीजवळची आणि शेणखताचा ढीग पडलेली जागा टाळायची. वरचा काडीकचरा बाजूला करून इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्यायचा, हंगामी पिकासाठी वीतभर आणि उसासाठी फूटभर खोल, आणि त्याच्या दोन्ही बाजूंची दोन बोटे जाडीची माती लाकडी पट्टीने खरवडून घ्यायची. सूक्ष्म अन्नद्रव्ये तपासायची असतील तर लोखंडी खुरप्याने खरवडलेली माती चालत नाही, आणि खताच्या रिकाम्या पोत्यात भरलेली तर मुळीच नाही. सगळी माती स्वच्छ कापडावर एकत्र करून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचे. मग ती सावलीत वाळवायची. खत घातल्यापासून दोन-तीन महिने झालेले नसतील तर नमुना घेऊच नये.

त्या दिवशी मी एकाऐवजी दोन नमुने केले: वरच्या दोन एकरांचा एक आणि खालच्या दहा गुंठ्यांचा वेगळा. सकाळी दव असताना खालच्या कोपऱ्यात गेलो तर पाय ठेवल्यावर वरची माती पिठासारखी भुसभुशीत दबत होती आणि टाचेखाली लगेच ओल लागत होती. सोयाबीनच्या ओळी तिथे मध्येच तुटलेल्या होत्या आणि लव्हाळा मात्र जोमात होता. प्रयोगशाळेत नमुने देताना टेबलावरच्या कर्मचाऱ्यांनी एकाच गट क्रमांकाचे दोन नमुने कशाला, म्हणून एक परत करायला सांगितले, आणि बरीच विनवणी केल्यावर दुसरा वेगळे शुल्क घेऊन ठेवून घेतला. अहवाल मिळायला सात आठवडे लागले, त्यातही पहिल्या छापील प्रतीवर गट क्रमांक चुकीचा होता आणि दुरुस्तीसाठी आणखी दोन हेलपाटे झाले. ही सेवा वापरणाऱ्याने वेळेचा हिशेब आधीच करावा: लागणीच्या किमान तीन महिने आधी नमुना गेला पाहिजे.

आकडे मात्र डोळे उघडणारे होते. वरच्या दोन एकरांत सामू ८.०, विद्युत वाहकता ०.३८, सेंद्रिय कर्ब ०.४४ टक्के, नत्र हेक्टरी १९६ किलो म्हणजे कमी, स्फुरद १९ किलो म्हणजे मध्यम, पालाश ३३० किलो म्हणजे जास्त, जस्त ०.४८ म्हणजे ०.६ या किमान पातळीच्या खाली. खालच्या दहा गुंठ्यांत सामू ८.३ आणि विद्युत वाहकता २.३. एकाच गटात, दोनशे पावलांच्या अंतरात, क्षारांचे प्रमाण सहापट. या एका तुलनेसाठीच मी या सेवेला मनापासून चांगले म्हणेन, कारण डोळ्यांना दिसत होते पण कोणी मान्य करत नव्हते ते तिने आकड्यांत मांडले आणि घरातला वाद मिटला.

खतांच्या शिफारशीने पैसेही वाचवले. सुरू, म्हणजे हिवाळ्यात लावलेल्या, उसाला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश अशी आहे, म्हणजे एकरी साधारण १००, ४६ आणि ४६ किलो. जमिनीत अन्नद्रव्य कमी असेल तर मात्रा सव्वापट करायची आणि जास्त असेल तर पाव हिश्श्याने घटवायची, असा पत्रिकेमागचा साधा नियम आहे. त्याप्रमाणे नत्र एकरी १२५ किलोंवर गेले. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे ४५ किलोंची सहा पोती झाली. आम्ही आजवर शेजाऱ्याचे पाहून नऊ पोती टाकत होतो. पालाश ४६ ऐवजी साडेचौतीस किलोंवर आले. जस्ताची उणीव तर आम्हाला ठाऊकच नव्हती. झिंक सल्फेट शेणखतात मुरवून दिल्यावर पुढच्या उसाच्या पानांवरचा फिकटपणा बराच कमी झाला. युरियाचे पोते अनुदानामुळे २६६ रुपये ५० पैशांना मिळते, त्यामुळे तीन पोत्यांची बचत पैशांत फार दिसत नाही, पण जादा नत्राने उसाची वाढ लुसलुशीत होऊन तो लोळतो आणि किडीलाही बळी पडतो, तो तोटा आम्ही वर्षानुवर्षे सोसला होता.

इथे माझा पहिला गंभीर आक्षेप आहे. पत्रिका नत्र कमी म्हणते आणि उपाय म्हणून युरिया वाढवायला सांगते. काही प्रयोगशाळांत तर नत्र स्वतंत्रपणे मोजतच नाहीत, सेंद्रिय कर्बावरून काढतात. म्हणजे मूळ दुखणे कर्ब कमी असण्याचे आहे आणि औषध मात्र पोत्यातले सुचवले जाते. सेंद्रिय खताची एक ओळ पत्रिकेत असते, पण ती सगळ्यांना सारखीच, ठरावीक टनांची असते. आमच्या भागातली सगळ्यात मोठी सेंद्रिय संपत्ती म्हणजे उसाचे पाचट (वाळलेली पाने), हेक्टरी आठ-दहा टन, आणि तोडणीनंतर ते अजूनही सर्रास पेटवले जाते. एक टन पाचटाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू खत टाकून ते सरीतच कुजवण्याची पद्धत चांगली रुळलेली आहे. ज्याचा सेंद्रिय कर्ब ०.४४ आहे आणि पीक ऊस आहे, त्याच्या पत्रिकेवर पाचट जाळू नका आणि ते असे कुजवा, हे ठळक छापायला प्रयोगशाळेला एका पैशाचाही जास्त खर्च येणार नाही. मी ते शेजारच्या शेतकऱ्याकडून शिकलो. सलग दोन खोडव्यांत, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या पिकांत, पाचट ठेवल्यावर २०२४ च्या पत्रिकेत वरच्या रानाचा कर्ब ०.५३ आला. वाढ लहान आहे, पण काळ्या रानात कर्ब वाढवणे किती कष्टाचे असते हे ज्याने केले त्यालाच कळते.

दुसरा आक्षेप पत्रिकेत काय नाही याचा. बारा गोष्टींत मुक्त चुन्याचे प्रमाण नाही. महाराष्ट्रातल्या काळ्या जमिनी चुनखडीयुक्त असतात, आणि चुना जास्त असला की लोह जमिनीत असूनही पिकाला मिळत नाही. आमच्या पत्रिकेत लोह ५.२ म्हणजे पुरेसे आहे, आणि तरी दरवर्षी खोडव्यावर केवडा पडतो, पाने पांढरट पिवळी होतात. पत्रिकेवर विसंबून राहणारा शेतकरी लोहाचा विचारच करणार नाही. त्याहून महत्त्वाचे, विनिमयक्षम सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम, मोजलेला नसतो. मीठ फुटलेल्या जमिनीसाठी ही मोजणी सर्वांत निर्णायक आहे, कारण नुसती क्षारयुक्त जमीन आणि सोडियम वाढून घट्ट झालेली चोपण जमीन यांचे उपचार वेगळे आहेत: चोपण जमिनीला जिप्सम लागते, नुसत्या क्षारयुक्त जमिनीला निचरा आणि गोड्या पाण्याने धुणे लागते. पत्रिका पाहून खत दुकानदारांनी आम्हाला जिप्समच्या गोण्या सांगितल्या होत्या. मी एका कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वेगळी तपासणी करून घेतली, तर विनिमयक्षम सोडियम ११ टक्के निघाला. पंधराच्या वर गेल्यावर जमीन चोपण धरतात. म्हणजे जिप्सम घातले असते तर पैसे जमिनीतच गेले असते.

विद्युत वाहकतेबद्दलही एक खुलासा पत्रिकेवर छापायला हवा. पुस्तकांत क्षारयुक्त जमिनीची सीमा ४ दिलेली असते आणि पत्रिकेवर १ च्या पुढे धोका सुरू होतो, कारण पुस्तकातला आकडा मातीच्या संपृक्त अर्काचा, म्हणजे पाण्याने पुरत्या भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याचा, असतो आणि पत्रिकेतला मातीच्या अडीचपट पाण्यात केलेल्या द्रावणाचा. आमच्या गावातल्या एका शिकलेल्या तरुणाने आपला १.९ हा आकडा पुस्तकातल्या ४ शी ताडून पाहिला आणि निर्धास्त झाला. त्याच्या रानात आज हरभरा येत नाही. भाषा मराठी असली म्हणजे पत्रिका वाचता येते असे नाही.

आता मुख्य गोष्ट. क्षार खालून वर येतात. पाटाचे आणि उपसा योजनांचे पाणी मुबलक झाले, उसाला मोकाट पाणी देण्याची सवय लागली, खालची चिकण माती पाणी पुढे सोडत नाही, त्यामुळे जमिनीतली पाण्याची पातळी वर आली आणि ते पाणी उडून जाताना क्षार पृष्ठभागावर ठेवून गेले. वीतभर थरातून घेतलेली माती ही गोष्ट फार उशिरा सांगते. क्षारपड पट्ट्यांतल्या गावांत तरी दोन-तीन फुटांखालचा एक नमुना आणि तिथली पाण्याची पातळी, एवढी नोंद पत्रिकेत आली पाहिजे. आणि निदान झाल्यावर पुढे काय? पत्रिका एका खातेदाराच्या नावाने निघते, पण निचरा एका खातेदाराला करता येत नाही. पाणी ओढ्यापर्यंत न्यायचे तर मधल्या सगळ्यांच्या रानातून वाट लागते. शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून क्षारपड जमिनी पुन्हा पिकाखाली आणल्या, ते शक्य झाले कारण शेतकरी गावागावांतून एकत्र आणले गेले आणि कामाला एक संस्था उभी राहिली. सरकारच्या हातात चौकोन पाडून मोजलेल्या सगळ्या गावांचे आकडे आहेत. त्यांतून कोणत्या गावात क्षार वाढत आहेत हे काढून तिथे आधी निचऱ्याची सामुदायिक योजना न्यावी, इतका साधा दुवा अजून जोडलेला मला दिसत नाही. नागपूरला मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजनाची राष्ट्रीय संस्था १९७६ पासून आहे. ज्ञानाची वाण नाही. तलाठी कार्यालयातला सातबारा आणि कृषी विभागाची पत्रिका यांची तरी गाठ घालून द्यावी, म्हणजे लागवडीयोग्य म्हणून नोंदलेल्या जमिनीपैकी किती खरोखर पिकते हे गावाला कळेल.

आम्ही आमच्यापुरते जे जमले ते केले. २०२३ च्या उन्हाळ्यात खालच्या अंगाच्या चार खातेदारांनी मिळून ओढ्यापर्यंत उघडा चर काढला. त्यासाठी शेजारच्या काकांनी आपल्या बांधालगतची सहा फूट पट्टी सोडली, आणि ती पट्टी मागायला जाताना माझ्या हातात पत्रिकेचे दोन कागद होते. ‘‘तुमच्याकडे अजून मीठ फुटले नाही, पण पुढच्या पाच वर्षांत फुटेल,’’ हे माझ्या तोंडून त्यांनी ऐकले नसते, कागदावरच्या २.३ मुळे ऐकले. पावसाळ्यात धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरून गाडले, दोन पावसाळे क्षार धुऊन गेले, आणि २०२४ च्या नमुन्यात कोपऱ्याची विद्युत वाहकता १.४ आली.

त्यामुळे ही सेवा घ्यावी का, असे कोणी विचारले तर मी घ्याच म्हणेन, परंतु चौकोनाची पत्रिका घरी आली म्हणजे काम झाले असे समजू नये. आपले रान जिथे वेगळे वागते तिथला नमुना वेगळा द्यावा, सेंद्रिय कर्ब आणि विद्युत वाहकता हे दोन आकडे आधी वाचावेत, ते वहीत वर्षवार लिहून ठेवावेत, आणि जमीन चुनखडीची किंवा खारवट असेल तर मुक्त चुना व विनिमयक्षम सोडियम पैसे भरून वेगळे तपासून घ्यावेत. आपल्या गावचे सहायक कृषी अधिकारी, ज्यांना आपण कालपर्यंत कृषी सहायक म्हणत होतो, त्यांना नमुना काढताना रानात बोलवावे. त्यांच्याकडे गावे पुष्कळ असतात, पण बोलावल्यावर बहुतेक येतात आणि हाताने दाखवतात.

खालच्या दहा गुंठ्यांत यंदाच्या रब्बीत गहू पेरला आहे. उगवण बरी आहे, मात्र ओढ्याकडच्या तीन ओळी अजून विरळ आहेत. तिथे मी तुरीची काटकी रोवून ठेवली आहे. गहू निघाला की पुढचा नमुना त्या काटकीपासून सुरू करायचा आहे.